गाळलेलं पान

माझ्या मावशीवर एका गाजलेल्या कादंबरीत अडीच पानं आहेत. ती स्वतः हे कुणाला सांगत नसे. मी मात्र ओळख झाली की तिसऱ्या वाक्यात सांगून मोकळी होत असे. कादंबरीत तिचं नाव नाही, नुसतं 'शिडीवाली' म्हटलं आहे. फळतोडीच्या वस्तीत सगळे तिला हेच म्हणत. बागमालकाच्या डुगडुगत्या शिड्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून स्वतःची तीन पायांची शिडी खांद्यावर टाकून ती बागेबागेतून फिरे.

गावाकडची जमीन तीन वर्षं कोरडी गेली, शहरातल्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा जो तो पोटामागे बाहेर पडला. मावशीही पडली. सोबत चार वर्षांची मी होते, कारण माझी आई मला तिच्या पदरात टाकून वारली होती. नासपती तोडण्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. फळ ओढायचं नाही, तळहातावर घेऊन हलकेच वर उचलायचं. तयार असेल तर ते देठासकट आपणहून सुटतं, नसेल तर त्याला उद्या भेटायचं. माणसांशी ती इतक्या नरमाईने कधी वागली नाही. माझ्याशी तर मुळीच नाही.

पुढच्या हंगामात एक लेखिका वस्तीत येऊन तीन आठवडे राहिली. रोज संध्याकाळी नळाजवळच्या दगडावर बसून मावशी तिच्याशी बोलत असे, एवढं मला अंधुक आठवतं. काही वर्षांनी पुस्तक आलं, गाजलं, अभ्यासाला लागलं. मावशीला अक्षरओळख नव्हती. मी शाळेत शिकवू लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात ते विकत आणलं आणि रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवायला बसले.

ती फार वाईट श्रोती होती. दर पानाला लेखिकेच्या चुका काढायची. "भर दुपारी कोण फळ तोडतं? आणि पत्र्याच्या खोलीला हिने खिडकी कुठून आणली?" हातात शिवण असे, पण सुई कितीतरी वेळ कापडातच थांबलेली असायची. मला वाटे, ही रंगली आहे. ती वाट बघत होती, हे मला कळलं नाही.

एकदा शाळेतल्या मधल्या सुट्टीत मी पुढचा भाग चाळला. त्यात वस्तीचा संप होता. पेटीमागचा दर मुकादमाने निम्मा केल्यावर चाळीस कुटुंबांनी ठरवलं होतं की बागेत कुणीच जायचं नाही. नासपती झाडावर पिकू दिली की आतून सडते, तेव्हा चार दिवसांत मालक वळणावर येणारच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम शिडीवालीला गाठून म्हणाला की उद्या नव्या माणसांचे दोन ट्रक येताहेत. शिडीवाली शिडी उचलून बागेत गेली. दुपारपर्यंत तिच्यामागे सगळी वस्ती आत गेली. ट्रक आलेच नाहीत.

सुतार आणि त्याची बायको तेवढी गेली नाहीत. शिडीवालीच्याच खोलीत, मध्ये घोंगडी टांगून, ती दोघं पलीकडच्या अर्ध्या भागात राहत. संध्याकाळी मुकादमाने त्यांना वस्तीबाहेर काढलं. सुतारणीने वळकटी बांधली, शिडीवालीकडे एकदा पाहिलं आणि निघून गेली. घोंगडी तिची होती. ती तिने तशीच टांगलेली ठेवली, कारण शिडीवालीची पोर तिच्या आडोशाला झोपली होती.

ती पोर म्हणजे मी. माझ्यासाठी मर मर राबलेल्या बाईच्या तोंडावर हे वाचायचं माझ्या जिवावर आलं. संध्याकाळी मी तो भाग गाळला. दोन पानं एकदम उलटली आणि सुतार कुटुंब चांगलं काम मिळालं म्हणून दुसऱ्या बागेत गेलं, असं एक पदरचं वाक्य ठोकून दिलं.

"संपाचं एवढंच?" मावशीने विचारलं.

"एवढंच."

"शिडीवालीचं काही नाही?"

"आहे की. सगळ्यात भरभर तोडायची, असं लिहिलंय."

तिने शिवण गुंडाळली. मग म्हणाली, "राहू दे आता पुढचं. तुझे डोळे दुखतील." नंतर तिने त्या पुस्तकाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, मी तिला वाचवलं. काही दिवस तर मी स्वतःवर खूशही होते.

त्याला अकरा वर्षं झाली. मावशी छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होती. एका दुपारी पाय चेपून घेता घेता ती सहज बोलावं तसं बोलली.

"त्या लेखिकाबाईंना मीच सगळं सांगितलं होतं. संप मी मोडला ते. म्हटलं, जसंच्या तसं लिहा."

माझे हात थांबले. "कशाला सांगितलंस?"

"सुतारीण शिकलेली होती. मी खूप शोधलं तिला, पत्ता लागला नाही. म्हटलं, पुस्तक झालं तर कुठेतरी तिच्या हाती पडेल. मी कबूल केलंय, हे तरी कळेल तिला."

"मुकादम खोटं बोलला, मावशी. तुझा काय दोष?"

"मुकादम खोटं बोलतो हे मला माहीत नव्हतं होय? मला आत जायचं होतं, म्हणून मी खरं मानलं." तिने डोळे मिटले. "पण बाईंनी लिहिलंच नाही. इतकं वाईट होतं ते, की लिहायला त्यांचाही हात धजला नाही."

अकरा वर्षं ती हे उराशी धरून होती, आणि त्याला कारण माझा शहाणपणा. मी तिथल्या तिथे सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन गेले आणि ते पान पहिल्या शब्दापासून वाचलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्या हातावर थोपटलं.

"कालपासून बसून रचलंस ना?"

"अगं, इथे छापलंय." मी पान तिच्यापुढे धरलं. तिने ओळींवरून बोट फिरवलं, जसं कुठल्याही पानावरून फिरवलं असतं.

"पोरी, तुझं पदरचं मला ओळखू येतं. माझ्यासाठी लहानपणापासून तू असंच करतेस." खरोखर पदरचं घातलं त्या दिवशी मात्र तिने ते निमूट ऐकून घेतलं होतं.

मी नर्सला बोलावलं. बिचारीने हातातलं काम टाकून सगळं पान मोठ्याने वाचलं. मावशीने तिचे आभार मानले आणि ती गेल्यावर हळूच म्हणाली, "तिलाही पढवून ठेवलंस होय?"

मी शपथा घेतल्या. रडले. शेवटी चिडलेसुद्धा, आणि त्या चिडण्याची मला आजही लाज वाटते. मावशी मात्र शांत होती, उलट मलाच समजावत होती.

"बरं, वाच पुन्हा. ऐकायला बरं वाटतं."

मी पुन्हा वाचलं, एकही शब्द न गाळता. वाचून झालं तेव्हा ती छताकडे बघत होती.

"छान जुळवलंस," ती म्हणाली. "पुस्तकात असतं, तर सुतारणीनेही वाचलं असतं."