वस्तीकडचा वॉल

"हात लावू नको रे," असं सरपंचांच्या गड्याला दरडावलं आणि मीच हात लावला. बोंबललोच. पंपाचं बिडाचं अंग तव्यासारखं तापलं होतं. तळहाताला टरटरून फोड आला.

गडी दात काढून म्हणाला, "म्या सांगून राहिलो ना, मोटार लई तापते म्हणून."

"मोटार न्हाई तापत बाबा. पंप तापतो."

त्याला फरक कळला नाही. वाचणाऱ्यांनाही कळणार नाही म्हणून सांगतो. मोटार आणि पंप एकाच लोखंडी पट्टीवर शेजारी बसवलेले असतात. लोक दोघांना मिळून मोटारच म्हणतात. पण मोटार फक्त फिरते, पाणी ढकलतो तो पंप. मोटार तापली तर व्होल्टेज, वाइंडिंग, बेअरिंग अशी कारणं शोधायची. इथं मोटार कोमट होती आणि पंप भाजत होता. म्हणजे दुखणं विजेचं नव्हतं, पाण्याचं होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. मी पंचायत समितीचा पंप मेकॅनिक, सायकलच्या दांड्याला पान्यांची पिशवी. गाव साखऱ्याच्या पुढचं. नाव लिहीत नाही.

तक्रार सरपंचांची होती. त्यांना सगळे नाना म्हणत. तक्रार काय, तर मासे मेले! नानांच्या जावयानं हैदराबादेहून लाल-सोनेरी मासे आणून दिले होते, ते त्यांच्या अंगणातल्या हौदात सोडलेले. नळातून ऊन पाणी आलं आणि निम्मे मासे उलटे तरंगले. विहीर सरकारी, पंप सरकारी, पाइप सरकारी. गावाचा हौद म्हणून बांधला तोही सरकारी पैशानं, फक्त तो नानांच्या अंगणात निघाला. गाव तिथंच घागरी भरायचं. आमच्या लोकांनी तिकडं फिरकायचं नाही.

आमच्या लोकांनी म्हणजे बौद्धवाड्यानं. मीही त्यातलाच. नानांना आडनावावरून कळलंच होतं. माझा चहा कान तुटलेल्या कपात आला. तो कप वळचणीला खोचून ठेवलेला असायचा. मी चहा प्यायलो नाही. कामाला आलेला माणूस भांडत बसत नाही.

पंप खोलला. ग्लँड जळून कोळसा. ग्लँड म्हणजे पंपात दांडा शिरतो तिथली फट, ती ग्रीस लावलेल्या सुती दोरीनं बुजवतात. दोरी नवी भरली, पंप चालू केला. अर्धा तास झकास. मग हळूहळू पुन्हा तापायला लागला. मी पंप बंद केला आणि पाइप धरून चालत निघालो. विहिरीपासून थोड्या अंतरावर पाइपाला फाटा होता. एक नानांकडं, एक बौद्धवाड्याकडं. मी दुसरा धरला.

वाड्यातली टाकी कोरडी ठाक होती. आत कुत्री पिल्लं घेऊन निजली होती. टाकीच्या सावलीला गयाबाई नावाची म्हातारी बसली होती, मांडीवर नातू. पोराचे डोळे खोल गेलेले, ओठांवर पापुद्रे.

"हगवण लागली का?" मी विचारलं.

"व्हय दादा. नदीत वाळू उकरून केलेल्या झिऱ्याचं पानी. त्याच्यातच ढोरं मरून पडलीत. डागदर म्हनला, चांगलं पानी पाजा. कुठून पाजू?"

"टाकीला पाणी काहून येत न्हाई?"

"वॉल बंद केलाय की नानानं. मेलेली ढोरं ओढायचं सोडलं ना आमी. तवापून."

मी तसाच माघारी फिरलो. फाट्यापाशी एका चौकटीवर फरशी ठेवली होती. ती सरकवली. वॉल, म्हणजे पाण्याची चावी, आवळून बंद, वर साखळी आणि कुलूप.

आता सगळं बराबर जुळलं. नानांच्या हौदाला बॉलकॉक होता. हौद भरला की गोळा वर येतो आणि पाणी बंद. दुसरी वाट वस्तीची, ती कुलपात. पंप मात्र फिरतोच आहे, कारण लाइट आली की चालू व्हावा म्हणून स्टार्टर तसाच सोडलेला. पाण्याला जायला जागा नाही, मग ते पंपातच घुसळत राहतं आणि उकळतं. कुणीतरी घागर भरली, बॉलकॉक उघडला, की तेच उकळतं पाणी माशांच्या अंगावर.

नानांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मंग हौद भरला की पंप बंद करू."

"लाइट रात्री कधी येती, कधी जाती. स्टार्टरपाशी कोण बसणार?"

नानांनी गड्याकडं पाहिलं. गडी म्हणाला, "म्या न्हाई बा. तिथं साप निघतेत."

"दुसरा काही इलाज?"

इलाज होता. बायपास. पंपाच्या तोंडाजवळून एक बारीक पाइप काढून परत विहिरीत सोडायचा. पाणी फिरत राहतं, पंप थंड राहतो. आमच्या धंद्यात नवशिक्यालाही हे माहीत असतं.

"न्हाई," मी म्हणालो. "वस्तीचा वॉल उघडा ठेवा, न्हाईतर पंप जळेल. नवा पंप यायला वरीस जाईल. मासे तर जातीलच, तुमची सून पण झिऱ्यावर जाईल."

खोटं बोललो. चांगलं ठासून बोललो. आजही मला त्याची लाज नाही.

नानांनी हौदातल्या उरलेल्या माशांकडं पाहिलं. मग कनवटीची किल्ली काढून गड्याकडं फेकली.

टाकीत आधी हवा फुसफुसली, मग तांबडं पाणी, मग नितळ. कुत्रीनं एकेक पिल्लू उचलून बाहेर नेलं. बाया घागरी घेऊन धावल्या. गयाबाईनं ओंजळीतलं पाणी पोराच्या ओठाला लावलं आणि रडायलाच लागली. मला सायकलवर बसवेना.

पुढच्या आठवड्यात मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. पोरगं दाराशी चिखलात खेळत होतं. माझ्या सायकलची घंटी वाजवली त्यानं. लई बरं वाटलं.

मग आमचे ओव्हरसियर त्या गावी इन्स्पेक्शनला गेले. माणूस वाईट नव्हता. नानांकडं जेवले, मासे पाहिले, पंपाची हकिकत ऐकली. आल्यावर मला बोलावलं.

"खिल्लारे, तुम्हाला बायपास माहीत नाही?"

"माहीत आहे साहेब."

"मग सांगितला का नाही? मी सांगून आलो. उद्या बसवून टाका."

"बायपास बसला की वॉल बंद होईल साहेब. वस्तीत लेकरं आजारी आहेत."

"ते गावचं राजकारण. आपण टेक्निकल माणसं."

"पाणी परत विहिरीत ओतायला मी नाही जाणार. काय करायचं ते करा."

करायचं ते त्यांनी केलं. माझी बदली औंढ्याला झाली. बायपास दुसऱ्या मेकॅनिकनं बसवला. तासाभराचं काम. तोही बिचारा हुकमाचा ताबेदार, त्याला काय बोलणार?

पावसाळा तोंडावर आला तेव्हा औंढ्याच्या रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं. खडी फोडणाऱ्या बायांत गयाबाई दिसली. एकटीच होती. विचारायचा धीर झाला नाही, तिनंच सांगितलं.

"पुन्हा झिऱ्याचंच पाजलं रे दादा. दुसरं कोन्तं पाजू?"

तिनं हातोडी उचलली आणि पुढचा दगड घेतला.

त्या पंपाची तक्रार ऑफिसात पुन्हा कधी आली नाही. नानांचे मासे वाढले, त्यांना पिल्लंही झाली म्हणे. ओव्हरसियर साहेब कौतुकानं सांगायचे.

पुढं नवी पोरं हाताखाली आली की मी त्यांना एकच शिकवायचो. पंप तापला असेल तर पंप मागाहून खोला. आधी पाइप धरून शेवटच्या टाकीपर्यंत चालत जा, आणि तिथं कोण बसलंय ते बघा.