टॉवेल कोणाच्या हातात असतो

हिंगणघाटच्या बसस्टँडवर मला सोडायला अर्धी गल्ली आली होती. नर्स म्हणून इंग्लंडला जाणारी गल्लीतली मी पहिलीच. आईचं ‘पोचल्यावर फोन करजो’ चालूच होतं. मावशी म्हणाली, ‘काही झालं तरी वापस येजो नको, लोकं हासतात.’  बाबांनी माझ्या बॅगा चढवल्या आणि हात झटकत बाजूला उभे राहिले.

तिकडची पहिली थंडी वाईट गेली. वॉर्डात दिवसभर उभं राहायचं, जड पेशंट कुशीवर वळवायचे. कमरेतून कळ निघायची, मी पाय ओढत चालायची आणि घरी फोनवर सांगायची, एकदम मस्त चाललंय. तुमच्यातले जे बाहेर गेलेत, त्यांना हे ‘मस्त’ चांगलं ठाऊक असेल.

माझी चाल बघून मोरीन नावाची जुनी नर्स एकदा ब्रेकमध्ये म्हणाली, आता ‘थ्रो इन द टॉवेल’ केलंस तरी चालेल. म्हणजे सोडून दे. मला रागच आला. हात टेकणाऱ्यांतले आम्ही नव्हे, असं मी तिला सुनावलं. ती शांतपणे चहा पीत राहिली. तिचा नवरा पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. ती म्हणाली, अगं, खेळणारा कधी टॉवेल टाकतच नाही. नाकातून रक्त येत असलं तरी तो लढतोच म्हणतो. टॉवेल असतो कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्याच्या माणसाजवळ. आता पुरे, हे तो ठरवतो आणि टॉवेल रिंगणात फेकून लढत थांबवतो.

मला एकदम आमच्याकडचा शंकरपट आठवला. बैलजोड्यांच्या त्या शर्यतीत एका वर्षी आमची जोडी शेवटच्या फेरीत पोचली होती. बाबांनी बैल चालवून पाहिले, एकाचं पाऊल नीट पडेना, तशी जोडी सरळ काढून घेतली. लोक हसले. मी रडून गोंधळ घातला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘बैल सोता थांबत नाई. त्याले थांबवा लागते.’

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी कमरेवर हात ठेवून उठले, तेव्हा बाबांनी मला फोन टेबलावर ठेवायला सांगितलं आणि म्हणाले, जरा चालून दाखव. जमेल तेवढी सरळ चालले. बाबांनी माझी चाल पाहून घेतली.

‘बस झालं. तू वापस ये.’

लोक काय म्हणतील, मी विचारलं.

‘लोकायले मी सांगतो. पोरगी थांबत नव्हती, मीच बलावलं.’

मी परतले. कंबर बरी होईपर्यंत घरीच होते. चौकात कोणी टोमणा मारला की बाबाच पुढे व्हायचे, म्हणायचे, मीच बलावलं. मावशीनं अबोला धरला, तोही त्यांच्याशीच.

पुढे मी पुन्हा इंग्लंडला गेले, या वेळी लहान गावातल्या हॉस्पिटलात, बेताचं काम बघून. आता घर, गाडी, मुलगी, सगळं इथलंच. कोणी पत्ता विचारला तर इथलाच देते, आणि तो खोटा नाही. पण जिंकून आलेल्याला कुठलंही गाव आपलं म्हणतं. माझं घर ते, जिथं एका माणसानं माझी हार साऱ्या गावासमोर आपल्या अंगावर घेतली आणि मला ती कधीच बोलून दाखवली नाही.