फवारणीवाला बसला!

वाकोल्याच्या आमच्या भाड्याच्या घरात ढेकूण झाले आणि फवारणीवाला आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पंपाला हातही न लावता त्यानं आधी एक जुनं एटीएम कार्ड काढलं आणि पलंगाच्या फटीतून सर्रकन फिरवलं. टपाटप चार ढेकूण बाहेर!

"बघा ताई, अख्खं बिऱ्हाड आहे इथे!" तो असा ओरडला की मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग काय, मी टॉर्च घेऊन त्याच्या मागे मागे, गाद्या उचलत, फटी दाखवत!

मी खुर्ची पुढे केली, तर तो चहा मात्र उभ्यानंच प्यायला. "ढेकणांच्या घरात मी टेकत नाय, ताई. कपड्यांतून माझ्या घरी येतील ना."

याच ढेकणांपायी चार महिने मी आईलासुद्धा थापा मारून लांब ठेवलं होतं.

पंधरा दिवसांनी तो तपासायला आला. कार्ड प्रत्येक फटीतून फिरलं, काहीच निघालं नाही. त्यानं ते खिशात टाकलं आणि सरळ पलंगावर मांडी घालून बसला. "टाका चहा!"

गॅस पेटवायच्या आधी मी फोन लावला. "आई, ये गं! राहायलाच ये!"