शेजारणीचा डबा

दानियलकाका सकाळी कामावर जाताना मजल्यावरच्या प्रत्येक दारी थांबायचे आणि विचारायचे, "चहा झाला का?" उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाहीत. पोळ्या, डबे, मुलीची स्कूलबस या धावपळीत मला त्या प्रश्नाचा वैताग यायचा, खोटं कशाला सांगू! पण "झाला, काका" म्हटल्याशिवाय सुटका नसे.

कुवेतमधल्या रिग्गईत आमच्या इमारतीत ते एकटेच राहायचे. जवळच्याच राई भागातल्या एका गोदामात सुपरवायझर होते, मूळचे अलिबागकडचे. नावावरून मी त्यांना ख्रिस्ती समजले आणि दर डिसेंबरला हौसेने केक करून पाठवत राहिले. माणसाने एकदाही माझी चूक काढली नाही. माझा डबा परत यायचा तो गूळ-खोबरं घातलेल्या गोड पोह्यांनी भरून. "वहिनी, शेजारणीचा डबा रिकामा परत द्यायचा नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

यंदा मात्र पुतणीच्या लग्नाचा फोटो त्यांनी चुकून घरच्यांऐवजी इमारतीच्या ग्रुपवर टाकला. पुरुषांच्या डोक्यावर छोट्या गोल टोप्या, मागे सिनेगॉग. लगेच काढला, पण ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला होता. काका ज्यू आहेत हे सगळ्यांना कळलं, आणि तेही टीव्हीवर रोज युद्ध चालू असताना. समोरच्या सुषमाच्या मुलांना त्यांनी सायकल शिकवली होती. तिने त्यांना दार उघडणंच बंद केलं. "माझं त्यांच्याशी वाकडं नाही गं," ती मला म्हणाली, "पण आपल्याला इथं राहायचंय." भीती मलाही वाटत होती.

एका संध्याकाळी काका आमच्याकडे येऊन बसले. फार दमलेले दिसत होते. केकबद्दल आभार मानून म्हणाले, आता खरं सांगायला हरकत नाही. त्यांची आई जर्मनीतली. हिटलरच्या काळात आईवडील तिला घेऊन मुंबईला पळून आले, पुढे ती अलिबागची सून झाली. जर्मनीत आधी ज्यूंना बागेतल्या बाकावर बसायला बंदी आली, मग तिची शाळा सुटली, मग वडिलांचं घड्याळांचं दुकान गेलं. थोरला मामा, निवळेल सगळं, म्हणून मागे राहिला; त्याचं पुढे काहीच कळलं नाही.

पण आई पुन्हा पुन्हा सांगायची ती तिथल्या शेजारणीबद्दल. दर उन्हाळ्यात ती शेजारीण आईच्या घरी मुरंबा द्यायची. आई तिची बरणी परत करायला गेली, तर आत पावलं वाजली, दार काही उघडलं नाही. बरणी आईबरोबर मुंबईला आली.

"बाकी सगळं नंतर आलं, वहिनी," काका म्हणाले. "आधी ते दार बंद झालं."

पुढे कंपनीने त्यांचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही. कारण त्यांनी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. निघायच्या सकाळी खाली टॅक्सी उभी होती आणि काका सुषमाच्या दारी. हातात तिने पूर्वी कधी पाठवलेला तिचाच स्टीलचा डबा, गोड पोह्यांनी भरलेला.

"चहा झाला का?"

आत पावलं वाजली. दाराच्या भोकातला उजेड झाकला गेला. काका नेहमीसारखे थांबून राहिले. मी माझ्या दारातून बघत होते. खालून टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न दिला.

शेवटी त्यांनी डबा माझ्या हातात ठेवला. "तिला द्या. हा मला बरोबर न्यायचा नाही."

लिफ्ट खाली गेली. मी सुषमाची बेल दाबली आणि बोट काढलंच नाही.