सुभेदारांच्या विडीची शर्यत

पाटणच्या वरच्या अंगाला एका गावात एक निवृत्त सुभेदार डोंगरातली शर्यत भरवत. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. मी साताऱ्याला कॉलेजात होतो, आमच्या घरातला पहिलाच. थोरला भाऊ माणमध्ये दुष्काळी कामावर खडी फोडत होता म्हणून मी शिकत होतो. दादाला मिलिटरीत जायचं होतं, आणि शर्यत पुरी करणाऱ्याला आपण स्वतः भरतीला नेऊ, असं सुभेदार सांगत. ती तोवर कुणीच पुरी केली नव्हती. या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता.

रिवाज सगळे त्यांनीच काढलेले. वाट आदल्या संध्याकाळी एकदाच, तीही तोंडी सांगायची. जंगलातल्या सात माथ्यांवर त्यांच्या जुन्या वर्दीच्या चिंध्या बांधलेल्या, त्या घेऊन दिवस मावळायच्या आत परत यायचं. कुणाची मदत घ्यायची नाही. सुभेदारांनी विडी पेटवली की पळायचं. ते विडी ओठात धरत आणि पुन्हा कानावर ठेवत. ऊन चढेपर्यंत पोरं ताटकळत उभी, आणि गाव हसतंय. जो माघारी फिरेल त्याच्या नावानं शिंग फुंकायचं, मयताला फुंकतात तसं.

दादा शर्यतीत उतरला त्या दिवशी शिंग सारखं वाजत होतं. दादा मात्र दिवस असताना आला. अंगभर करवंदीचे ओरखडे, मुठीत सातही चिंध्या. सुभेदारांचा चेहरा पडला. त्यांनी चिंध्या दोनदा उलटसुलट करून पाहिल्या.

"काय रं गड्या, वाटंत कुणी पाणीबिणी दिलं?"

"पानी न्हाई. धनगराच्या म्हातारीनं ताक दिलं."

"आन् तू प्यालास?"

"आवं, तिनं वाडगं पुढं धरलं. न्हाई कसं म्हनायचं?"

"मदत घेतली. वाजीव रं शिंग."

शिंग वाजलं. माणसं हसली. खोटं बोलायचं दादाला सुचलंच नाही.

पुढच्या महिन्यात तो एकटाच साताऱ्याला भरतीला गेला. तिथं छाती मोजली, मैलभर पळवलं आणि घेतलं. सुभेदारांची गरज कुणालाच नव्हती. माझं पुढचं शिक्षण त्या पगारावर झालं. मी आज जो काही आहे तो त्यामुळे.

पहिल्या रजेत तो मला घेऊन त्या गावी गेला. सुभेदार नव्या पोरांना सांगत बसले होते, "ह्यो माझ्या शर्यतीनं घडवलेला जवान. पुरी करणारा एकलाच." ताकाचं नाव नाही.

दादा वाकून त्यांच्या पाया पडला. मी रस्त्यावरच उभा राहिलो.