मागच्या सीटवर मधुभाऊ

मधुभाऊ उमाळकरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्या मोटरसायकलवर बसले होते. राज्य नवं होतं, आमचं कार्यालय रायपूर शहरातल्या एका जुन्या इमारतीत होतं. संध्याकाळी स्टँडवर गाडी घ्यायला गेलो, तर चाळिशी ओलांडलेला, चष्मेवाला एक गृहस्थ डोळे मिटून माझ्या गाडीवर बसलेला. हात हँडलवर, पाठ ताठ, आणि बूड सावकाश डावी-उजवीकडे हलवणं चाललेलं. मी तेव्हा भारी तापट. "ओ साहेब, बापाची गाडी आहे का?" मी मराठीतच ओरडलो, कारण राग आला की माझी हिंदी पळून जाते. त्यांनी डोळे उघडले, पण उतरायचं नाव नाही. "मराठी आहे काय जी तुम्ही? वा! सीट चांगली आहे. पण अर्ध्या तासानं कंबर बोलन." मग उतरले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "तुमची कंबर काय म्हणते?"

हा त्यांचा नमस्कार होता. लोक "कसं काय" विचारतात, मधुभाऊ "कंबर काय म्हणते" विचारत. शिपायाला विचारत, साहेबांना विचारत, एकदा तपासणीला आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्याला त्यांनी "सर, कमर क्या कहती है?" असं भर बैठकीत विचारलं आणि तो बिचारा दहा मिनिटं आपल्या कमरेबद्दल बोलत बसला. मूळचे तुमसरकडचे, वडील रेल्वेत, नोकरी भोपाळला, आणि राज्य वेगळं झालं तेव्हा वाटणीत इकडे आलेले. त्यांचं टेबल माझ्या शेजारी होतं, पण टेबलाशी ते सापडतील तर शपथ. खुर्चीवर उशी, पायाखाली वीट, पाठीशी गुंडाळलेला टॉवेल, एवढं सगळं करून पाच मिनिटांत उठायचे. "बसनं म्हंजे काही साधी गोष्ट नाही बाप्पा," असं म्हणत खिडकीपर्यंत जायचे आणि परत यायचे.

खरं तर त्या दिवसांत आमच्यातला कोणीच स्वस्थ बसलेला नव्हता. विभाग आज या मजल्यावर, उद्या त्या. फायली खोक्यांत. कोणी भोपाळला परत जायचा अर्ज करतोय, कोणी सासऱ्याकडून शब्द टाकवतोय. दहा-बारा वर्षांत आम्ही थोडे स्थिरावतो न स्थिरावतो तोच सगळं चंबूगबाळं उचलून शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत, नवा रायपूरला, जायचा हुकूम आला. मी क्वार्टर घेतलं, मधुभाऊंनी माझ्या शेजारच्या इमारतीत घेतलं.

त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, तिथे जायचं नव्हतं. वहिनी ब्राह्मणपाऱ्यातल्या; पारा म्हणजे इकडे मोहल्ला, हा जुन्या शहरातला. त्यांची माणसं भोसल्यांच्या काळापासून रायपुरातली. आता उरली होती फक्त त्यांची आई, ऐंशीच्या घरात, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी. निवृत्त मास्तरीण, नऊवारी नेसणारी, कानांनी अधू, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. वहिनी एकुलती एक. आईला तिकडे चला म्हटलं तर ती म्हणे, "त्या मैदानात मी कोनाशी बोलू?" ब्राह्मणपाऱ्यातून सामान हलवायच्या दिवशी मी सिलिंडर उचलायला होतोच. मधुभाऊ सासूच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाले, "दर रविवारी आनतो सुमनले. एक रविवार चुकला तं मले जावई म्हनू नका!" सगळी गल्ली ऐकत होती.

पण ब्राह्मणपारा तिथून पाऊण तासाच्या वर. बस होती, पण ती कधी येईल हे बसवाल्यालाही ठाऊक नसे. चारचाकीत बसलं की मधुभाऊंना ओकारी येई. राहिली मोटरसायकल. आणि वहिनींच्या कमरेत आधीपासून दुखणं.

मग सुरू झाला तो सामानाचा सोस. पहिल्यांदा रुंद सीट आली. मग मागे टेकायला पाठ आली. मग मऊ जेलची गादी, मग वहिनींच्या पायांखालची पट्टी बदलून हातभर रुंद पट्टी, मग मागचे शॉकअप. हँडलसुद्धा दोन बोटं वर घेतलं. त्यानं वहिनींच्या कमरेला काय आराम पडणार होता ते देव जाणे. दर महिन्याला काही तरी नवीन, आणि दर वेळी तोच उत्साह. एकदा हवा भरायची उशी आणली. ती उन्हात फुगली, आणि चौकातल्या गतिरोधकावर अशी फाटकन फुटली की सेक्टरचा चौकीदार काठी घेऊन धावत आला. वहिनी रस्त्याच्या कडेला बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मधुभाऊ मात्र गंभीर. "हवा कमी ठेवाची होती जी," मला सोमवारी म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी चाचणी होई. रिकाम्या चौकाला दोन फेऱ्या. "सुमन, कंबर काय म्हनते?" "बरी आहे जी." मधुभाऊ खूश. आणि रविवारी अर्ध्या वाटेत त्यांच्या खांद्यावर मागून हात पडे. एकदा मी शहरात जाताना त्यांना पाहिलं. तो सहा पदरी रस्ता, दोन्हीकडे चिटपाखरू नाही, वहिनी कमरेवर हात ठेवून पायी चाललेल्या, आणि मागे मधुभाऊ बंद गाडी ढकलत. मी थांबलो तर मान खाली घालून म्हणाले, "बोलून राहिली कंबर तिची. दुसरी गादी पाहतो आता."

शेवटी एका रविवारी वहिनी तयार होऊन खाली आल्या, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमीच जाऊन या. आईले सांगा, बरी आहे म्हना." पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मधुभाऊंनी मला सोबत ओढलं, एकट्यानं सासूसमोर जायची त्यांची हिंमत होत नव्हती. आजी सकाळपासून गॅलरीत बसलेल्या. आत तिघांचे पोहे झाकून ठेवलेले. माझ्या मागे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "गाडी बिघडली काय जावईबापू?" ते 'जावईबापू' मधुभाऊंना चाबकासारखं लागलं. पोहे तसेच झाकून ते उठले.

तिथून आम्ही तडक गेलो एका सीटवाल्याकडे. गल्लीच्या तोंडाशी छोटं दुकान, पांढऱ्या दाढीचा कारीगर. सिलतऱ्याच्या कारखान्यांतला माल वाहणारे ट्रकवाले आपल्या सीट त्याच्याकडे भरून घेत. मधुभाऊंनी खिशातून कागद काढला, त्यावर सीटची मापं, बाणाबिणासकट. त्यानं कागद पाहिलासुद्धा नाही.

"बैठेगा कौन?"

"पीछे. मिसेस."

"तो दीदी कहाँ हैं?"

"घर पे. उनकी कमर..."

"आप बैठे हो कभी, भैया? पीछे? जैसे दीदी बैठती हैं, वैसे?"

मधुभाऊंनी कागद पुन्हा पुढे सरकवला.

"एक बार बैठ के आओ. फिर बताना, गद्दी कहाँ लगाऊँ."

मधुभाऊ असे भडकले की विचारू नका. "मले शिकवून राहिला! शेकडो सीटा पाह्यल्या मी!" रस्ताभर हेच. पण त्या आठवड्यात ऑफिसात त्यांनी कुणाच्याही कमरेची चौकशी केली नाही. खिडकी आणि टेबल, टेबल आणि खिडकी. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "मधुभाऊ, बसा ना एका जागी, डोकं भणाणलं माझं."

रविवारी सकाळी दार वाजलं. मधुभाऊ, हातात चावी. "सुधीर, तू चालव."

"आणि तुम्ही?"

खाली येऊन ते सरळ मागच्या सीटवर बसले. आडवे. दोन्ही पाय डावीकडे, एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा मागच्या कडीवर. साठीकडे झुकलेला, केस रंगवलेला सरकारी अधिकारी! मला हसू आवरेना. "हसू नोको. चाल."

पहिली दहा मिनिटं तोंडाची टकळी सुरू होती. गादी मऊ आहे, पट्टी बरोबर आहे, पाठीचा मात्र काही उपयोग नाही, ती भलत्याच बाजूला येते. एका ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला, स्कूटीवरच्या दोन पोरी आमच्याकडे पाहून अशा हसल्या की पडता पडता वाचल्या. मग मधुभाऊ गप्प झाले. गतिरोधक आला की खांद्यावरची बोटं रुतत. तेलीबांध्याला सिग्नलवर मी मुद्दाम विचारलं, "कंबर काय म्हणते, मधुभाऊ?" त्यांनी मागून नुसतं पुढे बोट दाखवलं. ब्राह्मणपाऱ्यात उतरले ते वाकलेलेच. भिंत धरून उभे राहिले. गल्लीतल्या एकानं पाणी पाहिजे का विचारलं. पाच मिनिटांनी कुठे ताठ झाले.

"पिळल्या जाते रे," ते म्हणाले. "खालचं एकीकडे आन वरचं एकीकडे. कोनतीबी गादी लाव." डोळे लाल झालेले. "जातानी, येतानी. दर रविवारी. आन मी समोर बसून इचारून राहिलो, कंबर काय म्हनते."

वर जाऊन त्यांनी सासूला सगळं सांगितलं, कानाशी ओरडून. आजींनी कपाळावर हात मारला. "मंग दोहीकडे पाय टाकून बसवा ना तिले!"

"साडीत कसं जमन जी आई? आन ड्रेस ती घालत नाही."

आजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आमच्यासमोर उभ्या राहिल्या. "मी काय नेसली आहो, जावईबापू? यावर सायकल चालवली मी शाळेपर्यंत. जेन्ट्स सायकल, मधात दांडा. कोनाची बिशाद नव्हती काही म्हनाची." त्यांनी ट्रंक उघडली आणि जांभळं, बारीक काठाचं एक लुगडं काढून मधुभाऊंच्या हातात दिलं. परत येताना मी म्हटलं, तुम्ही चालवा. "नाही," म्हणाले, आणि पुन्हा तसेच आडवे बसले, लुगडं पोटाशी धरून.

घरी वहिनींनी लुगडं घेतलं, घडी उलगडली, वास घेतला. मधुभाऊ एका दमात सारं सांगून गेले, कारीगर, तेलीबांधा, जेन्ट्स सायकल. शेवटी म्हणाले, "तू काहून नाही बोलली, सुमन? दोहीकडे पाय टाकून बसते म्हनाचं ना."

"बसली होती," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "लग्नाच्या पहिल्या वर्षी, भोपाळले. ड्रेस होता माह्या अंगात. सासूबाई गॅलरीत होत्या. तुमी म्हटलं, उतर, आई पाहून राहिली, एका बाजूनं बस."

"मी म्हटलं?"

"हव."

"मले आठवत नाही."

"मले आठवते."

मधुभाऊ तिथेच जमिनीवर बसले. उशी नाही, टेका नाही. मी त्यांना इतका वेळ एका जागी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. वहिनींनीच मग चहा टाकला. आतून त्यांचा आवाज आला, "तुमी इतक्या हौसेनं आनत होते एकेक. म्हटलं, कशानं तरी होईन."

पुढच्या रविवारी वहिनी लुगड्याचा कासोटा मारून खाली उतरल्या. सेक्टरातल्या बायका खिडक्यांत आल्या. वहिनींनी मधुभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि पलीकडे पाय टाकला. त्या दिवशी गाडी वाटेत एकदाही थांबली नाही. आजींनी गॅलरीतून आपलं लुगडं ओळखलं आणि अर्ध्या पाऱ्याला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडल्या, "आली माही मास्तरीन!"

मधुभाऊंनी एकेक सामान उतरवून आमच्यात वाटून टाकलं. पाठ माझ्या वाट्याला आली, अजून माझ्या गाडीवर आहे. स्वस्थ मात्र ते तरीही बसले नाहीत. स्टँडवर लोकांच्या गाड्यांवर चढणं चालूच होतं, फक्त आता ते मागच्या सीटवर बसून पाहत आणि गाडीवाल्याला धरून झापत. "तू तं समोर मजेत बसते. मांग कोन बसते तुह्या? बायको? माय? तिले इचार ना, कसं बसू देते ही गाडी."

तीन वर्षं एकही रविवार चुकला नाही. मग एका मंगळवारी, निवृत्तीला थोडे महिने असताना, खिडकीपाशी उभे असलेले मधुभाऊ उभ्याउभ्याच कोसळले. मी धावलो, डोकं मांडीवर घेतलं, पण दवाखान्यापर्यंतसुद्धा ते थांबले नाहीत. फार घाई त्या माणसाला. मला आजही त्या खिडकीकडे पाहवत नाही.

तेराव्यानंतरचा रविवार. मी गाडी काढून त्यांच्या इमारतीखाली उभा राहिलो. वहिनी जिना उतरून आल्या, अंगावर तेच जांभळं लुगडं. तुमसरहून आलेली माणसं अजून होती, व्हरांड्यात उभी. मधुभाऊंचे धाकटे भाऊ पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, निदान आज तरी एका बाजूनं बसा. लोक पाहून राहिले."

मी हँडल घट्ट धरलं. काही तरी बोलणार होतो, तोंडाशी शिवी आली होती. पण वहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमी बसून पाहा भाऊजी, एका बाजूनं, ब्राह्मणपाऱ्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "तुमचे भाऊ बसले होते. जातानी बी, येतानी बी."

आणि त्यांनी पलीकडे पाय टाकला. भाऊजी बाजूला झाले. मी गाडी सुरू केली, सेक्टरचं गेट ओलांडलं. रस्ता नेहमीसारखाच रिकामा होता, आणि माझ्या भरल्या डोळ्यांना तोही धड दिसत नव्हता. पहिला गतिरोधक गेल्यावर मी मान न वळवता विचारलं, "वहिनी, कंबर काय म्हणते?"

मग खांद्यावरची बोटं जराशी दाबली गेली.

"काही म्हनत नाही. चाला, आई गॅलरीत बसली असन."