पाठवणीचं पाचवं कडवं
चार नावाजलेले लोकगायक एकत्र येऊन पहिला अल्बम काढताहेत हे कळलं, तेव्हाच मी नाक मुरडलं होतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, इथे तर चार! त्यातून ते महाराष्ट्रातून कुंभकोणमला, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आम्हा मराठी माणसांच्या मेलकावेरीतल्या घरी आले आणि माझं बोलणं ऐकून म्हणाले, "किती गोड, जुनं मराठी!" मी अठ्ठावन्न वर्षांची, गणिताची निवृत्त शिक्षिका. गोड म्हणवून घ्यायची मला हौस नाही.

ते आले होते अम्मासाठी, माझ्या आईसाठी. आमच्याकडचं पाठवणीचं गाणं येणारी तीच एक उरली होती. त्याची चार कडवी सगळ्या बायका मिळून म्हणतात. पाचवं मात्र आईने उंबऱ्यापाशी लेकीच्या कानात म्हणायचं, आणि संपलं की पाठीवर हात ठेवून तिला हलकेच बाहेर लोटायचं. ते प्रत्येक घराचं वेगळं असतं. घरात नवरी नसताना ते उच्चारायचंसुद्धा नाही.

अम्माने चार कडवी फोनसमोर खणखणीत म्हटली. त्यांनी पाचवं मागितलं तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिलाच सांगितलं नाहीं, तुम्हांस कसं सांगूं? घरांत नवरी पाहिजे की!"

सगळे हसले. मी कॉफी आणायच्या निमित्ताने आत गेले. एकुलती एक लेक मी, आणि माझं लग्न झालंच नाही.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "अम्मा, लिहून तरी ठेवूं दे."

"अत्ता नोको," ती म्हणाली. "तुझ्या वेळेस म्हणीन."

तिने अजून आशा सोडली नव्हती. ती मोडायचा धीर मला झाला नाही. दिवाळीनंतर तिला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, आवाजही गेला. डॉक्टर तमिळमध्ये म्हणाले, वाट पाहू. या घरात वाट पाहण्यात आमचा हात कोण धरणार?

अल्बम आला तो त्यानंतर. चार-पाच दिवस मी तो लावलाच नाही. ढोलकी, गिटार आणि वर मोठमोठे गळे, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय मला खात्री होती की पाचवं कडवं त्यांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार.

शेवटी भाजी चिरताना लावला. पहिली दोन गाणी नुसता गलका वाटली. तिसऱ्याला सुरी थांबली. दुसऱ्या दिवशी मी तो पुन्हा लावला, तिसऱ्या दिवशीही. चौघांपैकी कुणीच कुणाच्या वर चढत नव्हतं. आमचं गाणं सातवं होतं. गाणाऱ्या बाईने अम्माचे उच्चार जसेच्या तसे ठेवले होते, एकही सुधारला नव्हता. चार कडवी संपली आणि पाचव्याच्या जागी एकही शब्द आला नाही. कडव्याच्या लांबीइतका वेळ एकटं तुणतुणं वाजत राहिलं. मी त्या माणसांवर उगाच डाफरत होते याची मला लाज वाटली.

दुपारी मी अम्माच्या उशाशी फोन ठेवला. तिने डोळे मिटून चारही कडवी ऐकली. तुणतुणं एकटं वाजू लागलं तशी तिने डाव्या हाताने माझी मान खाली ओढली आणि ओठ कानाशी आणले. मी श्वाससुद्धा रोखला. तिचे ओठ हलत होते, अगदी तालात. कानावर नुसती गरम वाफ येत होती. एक ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. कुठे थांबली, कुठे पुढे गेली, एवढंच मला कळलं.

तुणतुणं थांबलं. अम्माने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला दाराकडे हलकेच लोटलं.